सुनंदामावशींचा नकार

वीजकेंद्रात गॅसच्या पाइपाजवळ कुणी वास घेताना दिसला, की सुनंदामावशी त्याच्या हातात गळती मोजायचं मीटर ठेवायच्या. मोठ्या पाइपातून आमच्याकडे येणाऱ्या गॅसमध्ये घरच्या गॅससारखा वास मिसळलेला नसे. "नाकाच्या भरवशावर राहू नको बाप्पा," त्या म्हणायच्या. नागपूर सोडून वीस वर्षं झाली तरी बोली सुटली नव्हती. अमेरिकेतल्या चँडलर शहराजवळच्या त्या केंद्रात त्या सुपरवायझर, मी त्यांच्या हाताखाली. एवढी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि माझा त्यांच्यावर फार जीव होता.

आमचं खरं काम संध्याकाळी. दिवसभर सोलरची वीज भरपूर. ऊन उतरलं की ती आटते, पण घराघरांतले एसी काही थांबत नाहीत. ती उणीव गॅसवरच्या टर्बाइननं भरून काढायची. "सूर्याची सेकंड शिफ्ट आपण करतो," मावशी म्हणायच्या.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी ग्रिडवाल्यांचा निरोप आला, ताबडतोब टर्बाइन सुरू करा, नाहीतर काही वस्त्यांची वीज तोडावी लागेल. यादीत आमची वस्ती पहिली. घरी बाबा ऑक्सिजनच्या मशीनवर. मी दोघा सहकाऱ्यांसोबत टर्बाइनपाशी उभा होतो, तेवढ्यात कंट्रोल रूममध्ये मावशींना पडद्यावर गॅसची गळती दिसली.

"अगदी नावापुरती असेल," मी वॉकीटॉकीवर ओरडलो. "स्टार्ट करा ना प्लीज, बाबा मशीनवर आहेत."

"माहीत आहे मला. नाही करत. तुम्ही तिघं आधी तिथून बाहेर निघा."

वीज गेली. बायकोनं बाबांना छोट्या सिलिंडरवर तासभर कसंबसं निभावून नेलं. मी मावशींवर जाम चिडलो होतो. बाबांना एवढंच सांगितलं, की मावशींनी टर्बाइन सुरूच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः घरी आल्या, बाबांच्या पलंगापाशी बसल्या. "जय भीम, काका. काल तुमची लाइट माझ्यामुळे गेली. माफी मागायला आली. पण पुन्हा तशी वेळ आली, तर तेच करीन."

"का थांबवलंस, पोरी?" बाबांनी दम घेत विचारलं.

"गॅस लीक होत होता. मशीनपाशी तिघं उभे होते, काका. त्यातला एक तुमचा."

ते मी बाबांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी मावशींचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

यंदा मार्चमध्ये मावशी गेल्या. त्या दिवशी माफी खरं तर मी मागायची होती. ती राहूनच गेली.