उन्हाळ्यातली नानकटाई

आईला पक्षाघाताचा झटका आला, त्या वर्षी बाबा नुकतेच खमरियाच्या कारखान्यातून रिटायर झाले होते. तिचा उजवा हात उचलला जात नव्हता. बोलणं सुधारत होतं, पण जेवणावरून मन उडालं होतं. मी उन्हाळ्यात माहेरी गेले, तेव्हा एका दुपारी ती म्हणाली, "नानकटाई खावीशी वाटते."

बाबांनी लगेच बाजारातून आणली. तिने एक तुकडा खाल्ला आणि ताटली सरकवली. "घरच्यासारखी नाही."

"मग मी करतो," बाबा म्हणाले. आयुष्यात त्यांनी साधा चहासुद्धा केला नव्हता.

मी मदतीला उठले, तर त्यांनी मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. कणीक मळावी तसं त्यांनी सगळं मळलं. आमचा गोल ओव्हन लावला. बऱ्याच वेळाने झाकण उघडलं, तर गोळे पसरून एकमेकांना चिकटले होते आणि त्यांची एक मोठी पातळ भाकरी झाली होती. बाबा ओशाळले. आई मात्र हसायला लागली. आजारपणानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माझी खुर्ची स्वयंपाकघरात ठेवा. आणि हात दाखवा तुमचे." तिने डाव्या हाताने त्यांचा तळवा चाचपला. "बापरे, किती गरम! तूप यातच विरघळून जाते. आज चमच्यानं फेसा. तूप थिजलेलं घ्या, पातळ नको. आणि मैदा मूठभर जास्त."

गोळे वळून झाले. बाबा ताट ओव्हनकडे नेऊ लागले, तर ती ओरडली, "अहो, आधी फ्रिजमध्ये!"

"आता काहून वेळ घालवून राहिली?"

"गोळा गार असला म्हणजे तूप वितळायच्या आत आकार धरते. तोवर ओव्हन चांगला तापू द्या. कालसारखं थंड्या ओव्हनमध्ये ठेवू नका. अन् गोळे दूर दूर ठेवा."

"अच्छा, चलो," म्हणत बाबांनी ताट फ्रिजमध्ये ठेवलं आणि ओव्हन लावला.

गार झालेल्या गोळ्यांवर चारोळी लावायची होती. आई म्हणाली, "हे मी करते." डाव्या हाताच्या चिमटीतून चारोळी निसटून निसटून जात होती. मी पुढे होणार, तेवढ्यात बाबांनी डोळ्यांनी मला थांबवलं. ते ताट धरून वाकून उभे राहिले. पाठ दुखत असणार, पण शेवटची चारोळी लागेपर्यंत हलले नाहीत.

या वेळी नानकटाई थोडीच पसरली, वरून छान तडकली. कडा जरा करपल्या. आईने एक अख्खी खाल्ली आणि दुसरी मागून घेतली.

तिचा हात पुढे पूर्ण बरा झाला नाही. पण त्यानंतर आमच्या घरी नानकटाई दोघं मिळूनच करत. मी फोन केला की बाबा आधी तेच सांगायचे, "कालची फार छान झाली बघ," आणि मागून आईचा आवाज यायचा, "साखर जास्त पडली होती, ते पण सांगा तिला."