धाकट्याच्या तोंडाला तुपाचा वास

आमच्या घरात कुत्र्याचं तोंड हुंगायचं काम माझ्याकडे आहे. शाळेतून परतले की चपला काढायच्या आधी मी दारातच उकिडवी बसते, धाकट्याचा जबडा दोन्ही हातांत धरते आणि नाक जवळ नेऊन वास घेते. तो आपला शेपूट हलवत उभा राहतो. त्याला वाटतं, हे लाड चाललेत. एकदा शेजारीण गेटातून बघत होती. म्हणाली, "भाभी, ये कौन सा नया योग है?" मी तिच्याकडेही रोखून पाहिलं, कारण तिच्या हातात शेवेची पिशवी होती.

मी स्वभावाने संशयी आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. दूधवाल्याचं दूध, नवऱ्याचं "आलोच पाच मिनिटांत", मुलीचं "अभ्यास झाला", यातलं काहीही मी पहिल्या झटक्यात खरं मानत नाही. नवरा म्हणतो, तू मास्तरीण होऊन फुकट गेलीस, पोलिसात हवी होतीस.

आम्ही देवासला राहतो. गच्चीवरून देवीची टेकरी दिसते, आणि नवरात्रात तिथले भोंगे ऐकून दोन्ही कुत्री तोंड वर करून सूर लावतात. धाकटा आमचा आहे, पिवळट रंगाचा लॅब्रॅडोर, पिल्लू असताना आणलेला. थोरली धारहून आली. सासूबाई गेल्यावर मामंजी, म्हणजे माझे सासरे, धारचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले, ते दोन पेट्या, देवघरातले देव आणि थोरलीला घेऊन. किल्ल्याखालच्या गल्लीतली साधी गावठी कुत्री ती, सासूबाईंनी पावसात भिजताना उचलून आणलेली. दोघांना खरी नावं आहेत. पण मामंजींनी आल्याआल्या घरातल्या माणसांसारखी त्यांची थोरली आणि धाकटा अशी वाटणी केली आणि मग सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

धाकटा म्हणजे भोळा सांब. कुणाच्याही मांडीवर डोकं टाकतो, नवऱ्याचे मोजे पळवतो आणि पळवून पुन्हा त्यालाच आणून दाखवतो. थोरली मात्र दिलेली पोळीसुद्धा आधी हुंगते, देणाऱ्याच्या तोंडाकडे बघते आणि मगच उचलते. धारकडच्या बाग गावच्या छपाईची एक जुनी चादर आहे, तिच्यावर ती भिंतीला पाठ लावूनच झोपते. आमचं दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं.

गेल्या थंडीत धाकटा आजारी पडला. आधी उलट्या झाल्या, मग पाठीचं धनुष्य करून तो कोपऱ्यात उभा राहायला लागला. मोजा समोर टाकला तरी बघेना. आमच्या मुलीने त्याला मिठी मारून रडून घर डोक्यावर घेतलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वादुपिंडाला सूज आहे. तूप, तेल, तळण पूर्ण बंद. सलाइन लागलं, इंजेक्शनं झाली, आणि आम्ही त्याला उकडलेला भोपळा आणि दलिया खाऊ घालायला लागलो. तो बरा झाला. महिनाही झाला नसेल, तोच त्याने पुन्हा पाठ वाकवली.

या वेळी डॉक्टरांनी चष्मा काढला. "मैडम, बुरा मत मानना, घर में कोई तो खिला रहा है. अगला अटैक ये नहीं झेल पाएगा."

घरी आल्यावर मी सगळ्यांना बैठकीत बसवलं. नवरा रोज सकाळी धाकट्याला घेऊन फिरायला जातो आणि परत येतो तेव्हा त्याच्या मिशीला पोह्याचा कण हमखास असतो. माझा पहिला संशय तोच.

"अगं, पोहे मी एकटाच खातो," तो म्हणाला. "त्याला जलेबीसुद्धा नाही दाखवत. कसम से."

मुलगी तर अंगावरच आली. "आई, मैंने कुछ नहीं दिया! तू नेहमी माझ्यावरच शक करून राहते."

मामंजी आपल्या खुर्चीत ताठ बसले होते. निसरपूरकडच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं. नर्मदेवरच्या धरणाच्या पाण्याने ते जुनं गाव गेलं त्या दिवशीही त्यांनी पेपर वाचला, घडी घातली आणि संध्या करायला उठले. अशा माणसाला कसं विचारायचं? तरी विचारलं. "मामंजी, तुम्ही काही घालत नाही ना त्याला?"

"सूनबाई, मी कुत्र्यांना काहीही घालत नाही," ते म्हणाले. मी त्यांना तिथल्या तिथे यादीतून काढून टाकलं. जो माणूस ताटातलं शीतही वाया जाऊ देत नाही, नातीने अर्धी पोळी टाकली तर दिवसभर तिच्याशी बोलत नाही, तो कुत्र्याला उगाच कशाला काय घालेल?

तेव्हापासून माझं हुंगणं सुरू झालं. पहिल्याच दिवशी धाकट्याच्या तोंडाला वास आला, तुपाचा आणि हिंगाचा. मी तुपाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशीही वास आला. मग मी नवऱ्याचं सकाळचं फिरणं थोरलीबरोबर आणि धाकट्याचं माझ्याबरोबर असा बदल केला. वास येतच राहिला. मुलीच्या दप्तराची झडती घेतली, तर ती दोन दिवस जेवताना माझ्याकडे बघेना. शेजारणीला मी तोंडावर विचारलं, "शेव-बिव टाकता का याला?" ती म्हणाली, "हद है भाभी, हमारी सेव तो हमको ही पूरी नहीं पड़ती." तिची आणि माझी बोलचाल संक्रांतीपर्यंत बंद होती. तिळगुळामुळे ती पुन्हा सुरू झाली.

घरात विचित्र वातावरण झालं होतं. कुणी स्वयंपाकघरात शिरलं की दुसरा दारात येऊन उभा. नवरा रात्रीच्या जेवणाला पोळीचा तुकडा तोडताना आधी टेबलाखाली वाकून दाखवायचा, की बघ, इथे कुणी नाही. मला हसू यायचं आणि रागही यायचा, कारण दर दोन-चार दिवसांनी धाकटा दलियाकडे पाठ फिरवायचा आणि मला धडकी भरायची. तो मरेल, आपल्यातल्याच कुणाच्या तरी प्रेमाने मरेल आणि ते प्रेम कोण करतंय हे मला कळणारच नाही, असं सारखं वाटायचं.

मामंजींचं जेवण एकदाच, दुपारी पूजेनंतर असतं; रात्री ते नुसतं दूध घेतात. मी शाळेत जायच्या आधी त्यांचं पान वाढून झाकून ठेवते. भात, वरण, वर तूप, एक भाजी. त्या सुमारास त्यांनी मला सांगितलं होतं, "सूनबाई, भात जरा मऊ करत जा. वरण पातळ. आणि तूप सढळ असू द्या." दात दुखत असतील असं समजून मी भातात पाणी वाढवलं आणि तुपाचा चमचाही मोठा घेतला. ताट मी येईपर्यंत घासल्यासारखं स्वच्छ असायचं.

मार्चमध्ये एकदा परीक्षेचं काम लवकर आटोपलं. मी कुणालाही फोन केला नाही. मुद्दामच केला नाही. गेटाचा आवाज होतो म्हणून मागच्या अंगणातून आले, चपला हातात घेतल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीला डोळा लावला.

मामंजी जेवायला बसले होते. अजूनही ते खाली आसनावरच बसतात. एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटा. मामंजींनी पानाभोवती पाणी फिरवलं आणि उजव्या हाताला चित्राहुती घातल्या. ज्यांच्या घरी आता हे उरलं नाही त्यांच्यासाठी सांगते: जेवणाआधी यमाच्या आणि चित्रगुप्ताच्या नावाने पानाशेजारी दोन-दोन शितांचे वाटे ठेवतात, त्याला चित्राहुती म्हणतात. ते वाटे माणसाने खायचे नसतात, ते पशू-पक्ष्यांचे. आमच्याकडे ते कुत्री चाटतात. हे मला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, मुलीला माहीत होतं. पण डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही मनात ते आलं नाही. चित्राहुती म्हणजे काय खायला घालणं असतं?

मग त्यांनी पहिला घास घेतला. बराच वेळ चावला. पाणी प्यायले. छातीवर मूठ ठेवून डोळे मिटून बसले, आणि डोळ्यांतून पाणी आलं. तो एक घास खाली जायला इतका वेळ लागला की धाकटा वाट बघून कंटाळून आडवा झाला. दुसरा घास त्यांनी ओठांपर्यंत नेला आणि परत आणला. पानाशेजारी ठेवला आणि पुटपुटले. तेच मंत्र, तीच नावं. मग आणखी एक मूठ ठेवली, पुन्हा तीच नावं. असा सगळा भात त्यांनी देवांची नावं घेत घेत उजवीकडे काढला, आणि बोटाने ताट पुसून घेतलं. थोरलीने एक वाटा हुंगला, चाटला आणि बाजूला झाली. बाकीचा सगळा धाकट्याने संपवला.

मला तेव्हा फक्त एवढंच कळलं, की चोर सापडला. मी दार ढकलून आत गेले. "मामंजी! तुम्ही म्हणाला होतात काही घालत नाही!"

ते दचकले, पण लगेच सावरले. "नाहीच घालत. या चित्राहुती आहेत."

"एवढ्या? तुपात थबथबलेल्या? मरेल तो!" मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका घाबरलेला मी सासूबाईंच्या वेळीही पाहिला नव्हता. "भाताने होतं? मला वाटलं, ते तळणाचं आहे." त्यांनी रिकामं ताट जवळ ओढलं. मग लहान आवाजात म्हणाले, "मग उरलेलं कुठे टाकू, सूनबाई? पानात टाकता येत नाही."

"उरतंच कसं तुमचं?"

"घास उतरत नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल."

मी खालीच बसले. पाणी पिताना त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरलं होतं, ते मला आता दिसलं. सदऱ्याच्या आत माणूस शोधावा लागत होता. यमाचा वाटा रोज वाढत होता आणि त्याच्यावर तूप मी माझ्या हाताने वाढत होते. "मामंजी, सांगायचं नाही का?" मी विचारलं. मला रडू आवरेना.

"तुमच्यामागे एक आजारी होताच," ते धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "आणखी एक कशाला?"

त्याच आठवड्यात आम्ही त्यांना इंदूरला नेलं. नळी घालून आतून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला नाही. अन्ननलिका आखडली होती, ती तिथल्या डॉक्टरांनी आतून रुंद केली. डॉक्टरांनी बजावलं की ती पुन्हा आखडू शकते, घास अडायला लागला की लगेच यायचं, अंगावर काढलंत तर पुढच्या वेळी सोपं जाणार नाही. मामंजींनी मान डोलावली. मी त्यांच्या मान डोलावण्याकडे संशयाने बघत होते.

उन्हाळ्यात घर पुन्हा घरासारखं झालं. मामंजींच्या मनगटावर घड्याळ बसायला लागलं. चित्राहुती पुन्हा दोन-दोन शितांच्या झाल्या, बिनतुपाच्या, आणि त्या कुत्र्यांना न देता गच्चीच्या कठड्यावर चिमण्यांसाठी जायला लागल्या. धाकटा वजनाने उतरला, हलका झाला, मोजे घेऊन जिना चढायला लागला. मुलीने आजोबांना दम दिला, "आजोबा, अब कुछ छुपाना मत, समझे ना?" त्यांनी तिलाही मान डोलावली. आमच्यासमोर जेवा म्हटलं तर मात्र ते तयार होईनात. पूजा झाली की एकट्यानेच जेवायचं, हा त्यांचा शिरस्ता. भरल्या घरात त्यांच्या जेवणाला साक्षीदार दोघेच, आणि त्यातली थोरली फारसं खात नाही.

म्हणून मी धाकट्याचं तोंड हुंगणं सोडलं नाही. आधी ते त्याच्यासाठी होतं, आता मामंजींसाठी आहे. सगळा उन्हाळा आणि पावसाळा त्याच्या तोंडाला नुसता कुत्र्याचा वास आला, आणि त्या वासाने मला इतका आनंद व्हायचा की शेजारणीला काय वाटत असेल कुणास ठाऊक.

आज शाळेतून आले. नेहमीसारखी दारात बसले, जबडा धरला, नाक जवळ नेलं. तूप. मी पुन्हा हुंगलं. तूप आणि हिंग. धाकटा शेपूट हलवत होता. थोरली भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती.

आतून मामंजींचा आवाज आला, "सूनबाई, आलात का? आज पोटभर जेवलो हो."