रशीद बरळत होता आणि आम्ही हसत होतो

"हीट स्ट्रोक," डॉक्टरबाई म्हणाल्या. रशीदचा ताप एकशे सातवर होता. "म्हणजे शरीराला स्वतःला थंड ठेवणं जमेनासं होतं. मग मेंदू, किडनी, लिव्हर, सगळ्यांना मार बसतो. याला आत कुणी पाठवलं?"

"मी."

मी सहकारी साखर कारखान्यात बॉयलरचा फोरमन. रशीद आमचा वेल्डर, वीस वर्षांपासूनचा सोबती. दुष्काळाचं साल होतं. बॉयलरची नळी फुटली आणि गाळप थांबलं. आष्टीकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या आवारात उभ्या होत्या, त्यांतला ऊस वाळत होता. भट्टी निवायला दोन दिवस लागतात. मी एका दिवसातच रशीदला नळी सांधायला आत घातलं. लेकीच्या लग्नासाठी पंधरा दिवस घरी राहून तो त्याच सकाळी कामावर आला होता. जुना गडी, त्याला सवय आहे, असं मी धरलं.

अर्ध्या तासाने तो भट्टीच्या दाराशी आला. "फोरमन, लई आग हाय आत. घोटभर पाणी दे."

"तापल्या अंगानं पिऊ नको, पोटात धरंल. काम झाल्यावर पी." माझ्या उस्तादाने मला हेच शिकवलं होतं.

पुन्हा बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "अम्मी, गाडी जुंप. लग्नाला जायचंय."

सगळे खो खो हसले. रशीद मुळात नकल्या. मीही हसलो. "नाटकं बंद कर बे, दोन जोड राहिलेत."

तो वळला आणि दारातच कोसळला.

पाण्याचा टँकर पंधरा पावलांवर उभा होता. आम्ही रशीदला कोरडाच जीपमध्ये घातला.

आयसीयूच्या दारात मी आणि त्याची बायको शमीम बसून असायचो. तिसऱ्या दिवशी डायलिसिस लावलं, म्हणजे किडनीचं काम मशीन करू लागलं. शमीमभाभी रोज मला अर्धी भाकरी द्यायची. काही विचारायची नाही. तिने विचारावं असं मला वाटायचं.

"उष्णतेची सवय पंधरा दिवसांत उतरते," डॉक्टरबाईंनी सांगितलं. "सुट्टीवरून आलेल्याला नव्या माणसासारखंच थोडं थोडं आत पाठवायचं. पाणी मागायची वाट बघायची नाही. आणि बरळायला लागला की आधी कपडे काढून अंगावर पाणी ओता, वारा घाला. तोवर कुणीतरी गाडी बोलवा."

दहाव्या दिवशी रशीदने डोळे उघडले. जगला, यासाठी मी त्या डॉक्टरबाईंचा जन्मभर ऋणी आहे. पण त्याचा सेरेबेलम, म्हणजे तोल सांभाळणारा मेंदूचा भाग, दुखावला तो दुखावलाच. चालताना झोकांड्या जातात. हातात वेल्डिंगचं हँडल ठरत नाही.

भट्टी असो, भाजलेलं शेत असो, तुमच्या हाताखाली माणसं राबत असतील तर त्यांच्या बोलण्याकडे लक्ष ठेवा. मी आता दर वीस मिनिटांनी एकेकाला बाहेर काढतो आणि समोर उभा राहून पाणी पाजतो.

दर शुक्रवारी रशीदकडे जातो. पेला त्याच्या हातात हिंदकळतो, म्हणून मी धरतो. परवा दोन घोट घेऊन तो हसला.

"काम झालं का रे फोरमन? आता पिऊ न्हवं?"

खोलीत कुणीच हसलं नाही. मी पेला धरून राहिलो.