जज्ज टिलरी आणि डोर्कसची लेक

अँब्रोझ टिलरींना व्हर्जिनियातला आमचा अख्खा परगणा सज्जन म्हणायचा. मी त्यांच्या कोर्टातला पुकारेवाला. सतरा वर्षं त्यांना जवळून पाहिलं, पण माझ्या तोंडून तो शब्द निघायचा नाही.

वकील असताना त्यांनी डोर्कस नावाच्या गुलाम बाईला सोडवलं होतं. आई स्वतंत्र तर लेकरू स्वतंत्र, हा कायदा. डोर्कसची आई जन्मानेच स्वतंत्र होती, असं एका म्हाताऱ्या गोऱ्या सुईणीने कुणाकडून तरी ऐकलं होतं. तेवढ्या ऐकीव गोष्टीवर टिलरी असे काही बोलले की ज्युरीतल्या, स्वतः गुलाम राबवणाऱ्या तंबाखूच्या मळेवाल्यांनीही डोळे पुसले. डोर्कस सुटली. तिची लेक केझाया मात्र त्याआधीच मालकाने आपल्या पोरीला आंदण दिलेली. ती राहिली जावयाकडे, हॉबर्ट लाइलकडे.

बारा वर्षांनी केझायाने आपल्या सुटकेसाठी दावा लावला. समोर जज्ज कोण, तर टिलरी! डोर्कस चर्चला जावं तशी नटून आली. "पुकारेदादा, आज घोर नाही बघा. आपलाच माणूस बसलाय वर."

वकील बोलतो ते त्याच्या मनातलं, असं समजत होती बिचारी. मला तिची कीव आली, पण मी कोर्ट भरल्याचं पुकारलं.

"सुईण मेली. ऐकीव पुरावा चालणार नाही," टिलरी म्हणाले. "आणि तो जुना निकाल आईपुरता होता." दावा फेटाळला.

लाइल तिथेच म्हणाला, "कोर्टात खेचणारी बया मला घरात नको. आजच विका."

जज्ज खानावळीत जेवत होते. डोर्कसने त्यांचे पाय धरले. "साहेब, तुम्हीच घ्या तिला. राबेल तुमच्याकडे. निदान नजरेसमोर तरी राहील."

"वेडी का तू? निकाल मी दिला आणि बाईही मीच घेऊ? लोक काय म्हणतील?" मग मायेने म्हणाले, "ऊठ. जेवलीस का काही?"

आमच्याकडे लिलावही पुकारेवालाच करतो, कोर्टाच्या पायरीवर. दूर जॉर्जियाला गुलाम नेऊन विकणाऱ्या दलालाची बोली सगळ्यांत वर होती. मी पहिल्यांदा पुकारलं, दुसऱ्यांदा पुकारलं. डोर्कसने माझी बाही धरली.

"दादा, सावकाश. अजून कुणीतरी बोलेल. सावकाश पुकारा हो."

खिडकीतून जज्ज बघत होते. मी बाही सोडवून घेतली आणि तिसऱ्यांदा पुकारलं.