चौथ्या दट्ट्याचा दुवा

ऑक्टोबरचा दुसरा रविवार, सकाळी साडेआठ, गावतलावाची पाळ. हजर: तलावाचं पाणी सोडणारे काकाजी, माझे नणदोई, मी आणि चहाचा थर्मास. गैरहजर: चौथी पायरी. तिच्याचसाठी आम्ही जमलो होतो.

आमच्या नणदोयांइतका, म्हणजे भाऊजींइतका, दुसऱ्याच्या बोलण्याचा पिच्छा पुरवणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. त्यांच्यासमोर ‘मागे सांगितलं होतं तसं’ म्हणायची सोय नाही. मागे म्हणजे कधी, सांगितलं कोणी, आणि ते आता कुठे सापडेल, हे तीन प्रश्न लगेच येतात. एका पत्रिकेत ‘स्थळ: वधूचे निवासस्थान’ असं छापलं होतं आणि निवासस्थानाचा पत्ता कुठेच नव्हता. भाऊजींनी वधूच्या वडिलांना फोन लावून विचारलं, “निवासस्थान कोणत्या पानावर हाय?” माझी नणंद म्हणते, “आमच्या सप्तपदीत हे भटजीले इचारत होते, हे ‘वरीलप्रमाणे’ म्हनता, थे वर कुठं सांगतलं?” हे खरं की तिची भर, मला माहीत नाही. खरं असावं.

भाऊजी कुडव्याला राहतात आणि घरूनच एका बाहेरच्या कंपनीचं काम करतात. मोठमोठ्या ऑनलाइन मदतपुस्तिका वाचून तपासणारे प्रोग्राम ते पायथॉन नावाच्या भाषेत लिहितात. अशा पुस्तिकांत जागोजागी ‘अमुक पान पहा’ असे दुवे असतात. दुवा म्हणजे बाकीच्यांच्या लेखी अक्षरांची एक ओळ. भाऊजी प्रत्येक दुव्याचा स्वतंत्र ऑब्जेक्ट करतात. मला समजलं ते असं, की माझ्या वहीतल्या यादीच्या ओळीला रकाने असतात तसे त्या दुव्याला चार रकाने: दिसणारे शब्द, कोणत्या पानावरून निघाला, कुठे जायचं आहे, आणि पोचला की नाही.

“वयनी, नुसत्या अक्षरांले इचारलं तं थे काही सांगत नाही,” ते मला समजावत होते. “ऑब्जेक्टले इचारा. थो सांगते, मी कोन, कुठून निघालो, कुठं जाऊन राहिलो.”

“म्हणजे सोयरिकीला गेल्यावर विचारतात तसं.”

“तसंच. पन हा खोटं नाही बोलत.”

मी आमच्या पाणी वापर संस्थेची सचिव. तलावाची सगळी माहिती फोनवर वाचता येईल अशी पुस्तिका आम्ही पाच जणांनी विषय वाटून लिहिली आणि तपासायला भाऊजींकडे दिली. त्यांच्या प्रोग्रामने निकाल दिला. सात दुवे ‘तुडुम उघडण्याचा क्रम’ या एकाच पानाकडे निघाले होते आणि ते पान नव्हतंच. तुडुम म्हणजे तलावातून पाणी सोडायची दगडी जागा, एकाखाली एक चार भोकं आणि त्यांत लाकडी दट्टे. पाणी उतरेल तसा वरून एकेक काढायचा. भलताच आधी काढला तर खालच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, धानासकट वाहून जातील. इतकं महत्त्वाचं पान दुसऱ्याने लिहिलंच असेल, असं पाचही जणांनी धरलं होतं. गावात तुडुमाचं काही विचारलं की आम्ही पिढ्यान् पिढ्या ‘काकाजीले इचार’ म्हणतो. पुस्तिकेतही तेच केलं. आणि काकाजी दिवाळीनंतर लेकीकडे रायपूरला कायमचे जाणार होते.

अध्यक्ष म्हणाले, दुवे काढून टाका.

“काऊन?” भाऊजी म्हणाले. “दुवा बरोबर हाय. पान नाही, थे काय दुव्याची चूक हाय?”

त्यांनी ‘कुठे जायचं’ या रकान्यात लिहिलं: काकाजी, तलावाची पाळ. आता हा दुवा चालू आहे की नाही हे मशीनला तपासता येईना. म्हणून भाऊजी दर रविवारी कुडव्याहून स्कूटरवर येऊन तो स्वतः तपासू लागले. काकाजी दुरूनच विचारत, “का जी जावई, तुमची मशीन धान रोवते का?” भाऊजी म्हणत, “नाही रोवत. पन कोन रोवलं थे इचारते.” तीन रविवारांत तीन दट्ट्यांच्या तीन पायऱ्या लिहून झाल्या.

चौथ्यापाशी गाडी अडली. तो पायाच्या अंगठ्याने चाचपून काढावा लागतो आणि यंदा पाऊस लांबल्यामुळे तो अजून खोल पाण्याखाली आहे. मला खोळंबा सहन होत नाही. मी म्हटलं, तोंडी सांगा, मी लिहून घेते. काकाजींनी सांगितलं, मी लिहिलं, भाऊजींनी मोठ्याने वाचलं. काकाजींनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

“असंच करसान तं वाहून जासान,” ते म्हणाले. “पानी उतरू द्या.”

तर आज आम्ही पुन्हा पाळीवर. पाणी चौथ्या दट्ट्याच्या अजून दोन हात वर. काकाजींच्या लेकीने तिकीट काढल्याचं कालच कळवलं आहे. मी दिवस मोजत होते. ते दोघं मात्र चहा इतका हळू पीत होते, की पाणी उतरू नये असंच त्यांना वाटत असावं, अशी मला शंका आली.

भाऊजींनी मांडीवर लॅपटॉप उघडला. “काकाजी, रायपूरचा पत्ता सांगा.”

“कायले?”

“ठिकान बदललं म्हनून दुवा तुटत नाही. नवा पत्ता टाका लागते.”

काकाजींनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, “नंबर नाही मालूम. घर पिवळं हाय. समोर हापशी हाय.”

भाऊजींनी अक्षर न अक्षर तेच टाइप केलं. एरवी अशा पत्त्यावर त्यांनी निदान तीन प्रश्न विचारले असते. आज एकही विचारला नाही.

मी माझी वही काढली. थर्मास आणणे, झालं. रायपूरचा पत्ता घेणे, झालं म्हणायचं. चौथी पायरी लिहून घेणे, बाकी.