बॅगेतला नारळ

सिंगापूरच्या त्या भल्यामोठ्या पार्कच्या फाटकावर पहारेकऱ्याने माझ्या धाकट्या बहिणीच्या बॅगेतून नारळ काढला. उलटापालटा करून पाहिला, हलवून पाहिला. बहीण तिथे काही वर्षांपासून राहते. तिने इंग्रजीत सांगितलं की पूजेचा आहे. मला म्हणाली, "पोरगी एवढ्या उंच पाळण्यात बसणार, आक्का. ओवाळून टाकू."

मला पटलं. आमच्याकडे नवा ट्रॅक्टर आला तरी आधी नारळ फुटतो.

माझी मुलगी औषधशास्त्र शिकून नुकतीच जळगावात नोकरीला लागली होती. वर्षभर एकही मुलगा दाखवायचा नाही, या अटीवर ती या सहलीला आली होती, आणि तो शब्द मी दिला होता. नवरा केळीची कापणी चालू आहे म्हणून घरीच थांबला.

पार्कमध्ये आपल्या यात्रेला लाजवेल अशी गर्दी. पाण्यातल्या होडीसाठी तासाहून जास्त वेळ रांगेत उभे होतो. मागे एक मराठी कुटुंब निघालं. साक्रीकडचे लोक, नवरा-बायको आणि तिथेच नोकरी करणारा मुलगा. "अय्या, तुमचं माहेर शिंदखेड्याचं?" म्हणत त्या बाईंनी माझं माहेर, सासर, देव, कुळ सगळं विचारून घेतलं. परदेशात आपलं माणूस भेटलं की बरं वाटतं, म्हणून मीही सांगत गेले. मुलगा माझ्या मुलीशी बोलत होता. बहीण त्या दोघांच्या मध्ये मला येऊच देत नव्हती. एकदा माझी पर्स सांभाळायला लावली, एकदा पाणी आणायला पाठवलं.

होडीतून सगळे चिंब होऊन उतरलो. सावलीच्या बाकावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचा डबा उघडला, तोवर साक्रीच्या बाईंनी पदर डोक्यावर घेतला, करंडा उघडला आणि माझ्या मुलीच्या ओल्या कपाळावर कुंकू लावलं. ते लगेच ओघळून नाकावर आलं. मग तिच्या हातात नारळ ठेवला. शेंडीला हळद लागलेला, फाटकावर पाहिलेला तोच नारळ.

आमच्याकडे मुलीच्या हातात असा नारळ दिला की बोलणं पक्कं झालं. तिलाही ते ठाऊक होतं. तिने नारळाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मम्मी, तू शब्द दिला होतास."

तिला वाटलं, मीच हे घडवून आणलं. मी नारळ तिच्या हातातून घेऊन बाईंच्या हातात ठेवला.

"ताई, मुलीला कोणी विचारलेलं नाही. मलाही नाही. हा तुमच्याकडेच ठेवा."

"असं कसं? तुमच्या मिस्टरांनीच होकार कळवला ना!"

बहीण माझा दंड धरून कुजबुजली, "आक्का, पोऱ्या चांगला शे. चार लोकांत तमाशा नको."

मी तिथेच नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मागे केळीच्या गाडीवाल्याचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"काय मग, कसा वाटला पोरगा? नारळ दिला का?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुला सांगितलं असतं तर तू होऊच दिलं नसतं."

"बरोबर," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

बाई लाल झाल्या. त्यांना तरी काय दोष देणार? त्यांनाही सगळ्यांचा होकार आहे असं खोटंच सांगितलं होतं. आईच्या हातातला नारळ बाकावर ठेवून मुलगा आईवडिलांना घेऊन निघाला. जाता जाता माझ्या मुलीला "सॉरी" म्हणाला. एवढं शहाणपण त्या दिवशी त्याच्याकडेच होतं. बहीण रडू लागली, "माझी किती नाचक्की केलीस! मी तुमचं भलंच पाहत होते ना?" मी तिच्यापुढे पुऱ्यांचा डबा सरकवला.

मुलीने बाहीने कुंकू पुसलं. म्हणाली, "पप्पासुद्धा?"

"हो."

"मग चल, तो उंच पाळणा राहिलाय."

मला उंचीची भीती वाटते. तरी गेले. वर गेल्यावर तिने माझा हात धरला.

परतल्यावर नवरा भुसावळच्या स्टेशनवर गाडी घेऊन उभा होता. लग्नापासून मी त्याच्या शेजारी पुढे बसते. त्याने पुढचं दार उघडलं.

"बॅग ठेवा तिथं," मी म्हणाले आणि मुलीबरोबर मागे बसले.