उरणच्या वाऱ्यावर

कोपरखैरण्याहून आम्ही नवरा-बायको दर रविवारी उरणच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाचा दांडा धरून फळीवरून पाण्यावर घसरणं, शिकायला जायचो. एकदा वाऱ्याने पतंगासकट मला कालवांच्या खडकावरून फरफटत नेलं. गुडघे सोलून निघाले.

"दांडा सोडा! एवढं वजन, तरी उडता कशा?" शिकवणारा ओरडला. सगळ्यात मोठ्याने माझा नवरा हसला. मोबाइलवर टिपलेली माझी फरफट त्याने गाडीत बसता बसता सोसायटीच्या ग्रुपवर टाकली.

पुढच्या रविवारी मी त्याला न सांगता एकटीच गेले. खारं पाणी जखमांना झोंबत होतं. दांडा हलक्या हाताने धरला, फळीवर उभी राहिले आणि पार लांबवर जाऊन परत आले.

"बघा," शिकवणारा खूश होऊन म्हणाला, "अपमान केल्याशिवाय बायका शिकत नाहीत. तुमच्या साहेबांनाही मी हेच सांगितलं होतं."